डिझी रास्कलची ‘बॉय इन दा कॉर्नर’: ही रेकॉर्ड फोनवर ऐकू नका

मागच्या दिवाळीनंतर फाइन आर्ट्सला शिकणारी एक मुलगी दुकानात आली. मूळची अमरावतीची, इथे हॉस्टेलला राहते. हातात सुटकेससारखा मिटणारा रेकॉर्ड प्लेअर आणि बगलेत एक भडक पिवळं कव्हर. म्हणाली, "काका, बाकी सगळ्या रेकॉर्डी नीट वाजतात. ही एकच लावली की सुई उडते."

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमचं रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, १९८६ पासून मी बसतो. सुई उडते ही तक्रार जुनीच. बहुतेक वेळा सुई धरणाऱ्या आर्मवर वजन कमी असतं किंवा प्लेअर डुगडुगत्या टेबलावर ठेवलेला असतो. इथे दोन्ही नव्हतं. या सुटकेस प्लेअरांत स्पीकर त्याच पेटीत बसवलेला असतो. खर्ज जोरात वाजला की पेटी थरथरते, पेटीबरोबर आर्म थरथरतो आणि सुई खाच सोडते. प्लेअरमध्ये काही बिघाड नव्हता, त्या रेकॉर्डमध्ये भरलेलं त्याला पेलत नव्हतं. तिला तसं सांगितलं. खात्री करायला रेकॉर्ड माझ्या टेक्निक्सवर चढवली. हा टर्नटेबल मी मस्कतहून परतलेल्या एका गृहस्थांकडून घेतला होता. प्लॅटरच्या कडेचे ठिपके लाल दिव्यात स्थिर उभे राहिले, म्हणजे वेग बरोबर, आणि मी सुई सोडली.

पहिलं गाणं ‘सिटिन हिअर’. तार छेडल्यासारखी एक छोटी सुरावट गोल गोल फिरत राहते. लांबून पोलिसांच्या गाडीचा भोंगा. त्यावर एका पोराचा आवाज, वरच्या पट्टीतला, घाईतला, मिसरूड फुटण्याच्या वयातला. तो एका जागी बसून सगळं बघतोय एवढंच सांगतो: कालपरवापर्यंत सगळं सोपं होतं, आता काहीतरी बिघडलंय. खालचा खर्ज कानाआधी पोटाला कळतो. माझ्या टेबलावर डबीच्या झाकणात काढून ठेवलेले स्क्रू एका लयीत सरकायला लागले. मी सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवला आणि ती बाजू संपेपर्यंत हात लावला नाही.

तेव्हापासून ही रेकॉर्ड मी दोनदा विकत घेतली. दोनदा का, ते पुढे सांगतो.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डिझी रास्कल म्हणजे डिलन मिल्स, पूर्व लंडनच्या बो भागात वाढलेला मुलगा. वडील लहानपणीच गेले, घानाहून आलेल्या आईने एकटीने वाढवला. वस्ती सरकारी इमारतींची, फ्लॅटच्या रांगाच रांगा, आणि तिथून नजरेच्या टप्प्यात कॅनरी व्हार्फचे बँकांचे मनोरे. २१ जुलै २००३ला एक्सएल रेकॉर्डिंग्ज या कंपनीने त्याचा हा पहिला अल्बम काढला. पंधरा गाणी, सत्तावन्न मिनिटं. या संगीताला आता ग्राइम म्हणतात. त्या वेळी नाव नीट ठरायचं होतं. ऐकणारे जो तो आपापलं नाव देत होते.

याला रॅप म्हटलं तरी चालेल, पण अमेरिकी रॅप डोक्यात ठेवून ऐकलंत तर गोंधळ होईल. लय मिनिटाला १४० ठोक्यांच्या आसपासची, म्हणजे बरीच द्रुत. ठोके मात्र सरळ रांगेत पडत नाहीत. नवरात्रात नऊ रात्री गरबा ऐकून तयार झालेला आमचा बडोदेकराचा पाय पहिल्या दोन गाण्यांत हमखास चुकतो. माझा चुकला. तिसऱ्या-चौथ्या वेळेला कळतं की ठोका जिथे पडायला हवा तिथे मुद्दाम जागा सोडली आहे आणि त्या जागेत शब्द बसवले आहेत. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत एक मात्रा मोकळी दिसली की तिथे व्हायोलिनं घालायची आपली पद्धत. इथे खाली खर्ज, वर टिकटिक, आणि मधला सगळा माजघर रिकामा. त्या रिकाम्या माजघरात हा पोरगा एकटा बोलतो.

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग, रेडिओ.

हे संगीत घडलं ते चोरट्या रेडिओवर. तिकडे विनापरवाना रेडिओ स्टेशनं चालवायची जुनी परंपरा आहे. साठच्या दशकात समुद्रात जहाज उभं करून चालवायचे. १९६७च्या कायद्याने ते आवळल्यावर हळूहळू मुक्काम इमारतींच्या गच्च्यांवर आला. वीसमजली सरकारी इमारत म्हणजे फुकटचा टॉवर. वर ट्रान्समीटर आणि एरिअल लपवायची, आणि स्टुडिओ मात्र दुसऱ्याच इमारतीत, कुणाच्या तरी रिकाम्या फ्लॅटमध्ये किंवा स्वयंपाकघरात. दोघांच्या मध्ये वायर नाही, मायक्रोवेव्ह लहरींची बिनतारी लिंक. सरकारी माणसं एरिअलचा माग काढत गच्चीवर पोचली तर ट्रान्समीटर जायचा, पण स्टुडिओ आणि माणसं सुरक्षित. चार दिवसांत दुसरा ट्रान्समीटर चढायचा. मी जन्मभर रेडिओ उघडत आणि मिटत आलोय. ही मांडणी कळली तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, किती नीट विचार केलाय पोरांनी.

अशा स्टेशनांतलं एक रिन्स एफएम, १९९४ साली सुरू झालेलं. डिझी आणि त्याच्या बरोबरीची पोरं रात्री-अपरात्री तिथे आणि तसल्या इतर स्टेशनांवर माइक हातोहात फिरवत बोलायची. एकाने चार ओळी म्हणायच्या, माइक पुढे. अडखळला तो गेला. २००५ साली त्या स्टेशनच्या एका संस्थापकाला टॉवर हॅम्लेट्स भागातल्या इमारतींच्या गच्चीवर जायलाच कोर्टाने मनाई केली. आणि २०१० साली त्याच स्टेशनला सरकारने रीतसर परवाना दिला. आज ते १०६.८वर उघड वाजतं.

मला हे इतकं का लागतं ते सांगतो. सोळा वर्षांचा असताना एका मासिकातला सर्किट बघून मी एका ट्रान्झिस्टरचा मिडीयम वेव्ह ट्रान्समीटर बनवला होता. कॉइल मेणकापडाच्या नळीवर हाताने गुंडाळलेली, एरिअल म्हणजे आईची कपडे वाळत घालायची तार. पल्ला समोरच्या वाड्यापर्यंत. तिथल्या आजी दुपारी रेडिओ लावून बसायच्या. त्यांच्या रेडिओतून मी पंचांग वाचून दाखवलं आणि त्या घाबरून देवघरात गेल्या. वडिलांना कळलं. त्यांनी आवाज चढवला नाही. वायरलेसचा कायदा काय आहे, परवाना नसताना प्रक्षेपण केलं तर दुकानाचं काय होईल, ते समजावून सांगितलं आणि माझ्यासमोर कॉइल उलगडून तारेचं भेंडोळं करून खणात टाकलं. घरचा रेडिओ ऐकायलासुद्धा पोस्टातून लायसन्स घ्यावं लागायचं असा तो काळ. वडील बरोबर होते. पण रेडिओतून आपला आवाज समोरच्या घरात निघतोय, हे ज्या पोराने एकदा ऐकलंय त्याला ‘बॉय इन दा कॉर्नर’ वेगळी ऐकू येते. हा अल्बम बोलण्याच्या ज्या घाईने भरलाय ती घाई मला ओळखीची आहे. कुणीतरी जिना चढून येऊन बटण बंद करण्याआधी सांगून टाकायचं, अशी ती घाई.

डिझीला शाळांनी एकामागून एक काढून टाकलं होतं. शेवटच्या शाळेत, पॉप्लरच्या लँगडन पार्कमध्ये, बाकी वर्गांत त्याला बसू देईनात. उरला संगीताचा तास. तिथे कॉम्प्युटर होता, त्यावर संगीत जुळवायचं सॉफ्टवेअर होतं, आणि संगीताच्या शिक्षकांनी त्याला त्या कॉम्प्युटरवर मनसोक्त बसू दिलं. सगळीकडून कोपऱ्यात उभं केलेल्या पोराला एक कोपरा असा सापडला. अल्बमचं नाव तिथून आलंय आणि कव्हरसुद्धा. पिवळ्या भिंतींचा कोपरा, त्यात जमिनीवर बसलेला काळ्या कपड्यांतला मुलगा, डोक्याशी दोन बोटांची शिंगं. चित्र फार बोलकं आहे. आमच्या विद्यार्थिनीने ते कव्हर हॉस्टेलच्या भिंतीवर टेकवून ठेवलंय, रेकॉर्ड वाजत नसतानाही.

‘आय लव्ह यू’ हे गाणं त्याने सोळाव्या वर्षी केलं. आधी ते कोऱ्या लेबलच्या रेकॉर्डवर फिरलं. वर नाव नाही, कंपनी नाही, पांढऱ्या गोल कागदावर फार तर पेनाने लिहिलेलं. अशा रेकॉर्डी थोड्या प्रती छापून ठरावीक दुकानांत ठेवायच्या, बोमधल्या रोमन रोडवरचं रिदम डिव्हिजन हे त्यातलं नावाजलेलं. त्याही आधीची पायरी म्हणजे डबप्लेट. ॲल्युमिनियमच्या तबकडीवर लॅकरचा थर देतात, त्यावर गाणं थेट कोरतात आणि ती एकुलती एक प्रत डीजेच्या पिशवीत जाते. लॅकर मऊ असतं. काही डझन वेळा सुई फिरली की वरचे सूर झिजून जातात आणि तबकडी टाकावी लागते. म्हणजे रेडिओवर ऐकू येणारं गाणं बाजारात नसायचं, आणि ज्या एकमेव तबकडीवर होतं तिच्यावरही ते दर रात्री थोडं थोडं झिजत असायचं. ऐकणारे कॅसेट लावून रेडिओवरूनच टिपून ठेवायचे. तशा कॅसेटी पोरांच्या हातोहात फिरायच्या.

हे ध्यानात ठेवून अल्बम ऐकला की त्याचा ओबडधोबडपणा कळतो. बहुतेक संगीत मुलाने स्वतःच जुळवलंय. त्याचे त्या वेळचे मॅनेजर केज यांनी निर्मितीत हात दिला. वाद्य म्हणावं असं काही जवळजवळ नाही. ‘आय लव्ह यू’मधला ठोका तर एखाद्या ॲम्प्लिफायरची आउटपुट ट्रान्झिस्टर जोडी जळायच्या बेतात असताना जसा फाटतो तसा फाटलेला आहे. दुकानात असा आवाज आला तर मी आधी मेन स्विच बंद करतो. इथे तोच आवाज मुद्दाम धरून ठेवलाय, आणि दोन मिनिटांनी कान त्याला वाद्य म्हणून स्वीकारतो. ‘फिक्स अप, लुक शार्प’चा ढोल बिली स्क्वायर या अमेरिकी रॉक गायकाच्या १९८०च्या ‘द बिग बीट’मधून उचललेला. त्या ढोलावर फक्त हा पोरगा, बाकी काही नाही. एवढ्या थोड्या सामानात इतका भरलेला आवाज मी ऐकला नव्हता. गणपतीत सुरसागर तलावाच्या वाटेवर दहा-दहा बॉक्स रचलेले ऐकले आहेत, त्यांतल्या निम्म्यांचे वूफर फाटून माझ्याकडेच येतात, पण ही भरीव चव त्यांना येत नाही. ढोलाच्या दोन थापांमध्ये खोलीचा आवाज संपूर्ण विरू दिलाय, म्हणून पुढची थाप एवढी मोठी वाटते.

बाजारात यायच्या दोन आठवडे आधी, जुलै २००३मध्ये, सायप्रसमधल्या आयिया नापा गावात मुलावर चाकूचे वार झाले. अल्बम आला तेव्हा तो त्या जखमांतून सावरत होता. ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत अल्बम तेविसाव्या क्रमांकापर्यंतच चढला. आणि सप्टेंबरात ब्रिटन-आयर्लंडमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमला देतात तो मर्क्युरी पुरस्कार त्याला मिळाला, वीस हजार पौंडांचा. त्या वर्षीच्या निवडक बारांत रेडिओहेड आणि कोल्डप्ले हे मोठे बँड होते. मुलाला पुरती एकोणीस वर्षंही झाली नव्हती. ग्राइमला मिळालेला हा पहिला मर्क्युरी. दुसरा मिळायला २०१६ उजाडलं, स्केप्टाच्या ‘कोनिचिवा’ला. अमेरिकेत हा अल्बम मॅटाडोर कंपनीने जानेवारी २००४मध्ये काढला.

शब्दांबद्दल. माझं इंग्रजी दुकानापुरतं, सर्किटच्या पुस्तकांपुरतं. बोच्या पोरांची बोली मला कुठून कळायला? आमच्या विद्यार्थिनीने तीन दुपारी बसून, माझ्या पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर, गाण्यागणिक अर्थ लिहून दिला. तिच्या अक्षरात ‘पोलीस’, ‘भीती’, ‘मित्र वेगळे झाले’ असे शब्द आणि पुढे बाण. त्या पावत्या मी कव्हरच्या आतच ठेवल्या आहेत. शिव्या भरपूर आहेत, हे आधीच सांगतो. घरात मोठी माणसं असतील तर दार लावून घ्या.

दोन गाण्यांवर आमचं एकमत झालं नाही. ‘आय लव्ह यू’मध्ये मुलगा मुलीवरची जबाबदारी झटकतो, फार उद्धटपणे. पण त्याच गाण्यात एक मुलगी येऊन त्याला तितक्याच धारदार शब्दांत उत्तर देते, आणि दोन्ही आवाजांना सारखी जागा मिळते. सोळाव्या वर्षी एवढी न्यायबुद्धी मला मोठी वाटते. विद्यार्थिनी म्हणाली, "काका, भांडण बरोबरीचं आहे, पण खेळ त्याच्याच अंगणात चाललाय." विचार करण्यासारखं बोलली. ‘जेझेबेल’ मात्र मला खटकतं. लहान वयात भरकटलेल्या मुलीची गोष्ट आहे, वाईट वाटावं अशीच सांगितली आहे, पण तिच्या आयुष्यात आलेल्या मुलग्यांकडे बोट फारसं वळत नाही. मला दोन मुली आहेत. मी ते गाणं ओलांडत नाही, ऐकतो, आणि दर वेळी तिथे माझं मन अडतं.

उतरत्या भागात दोन-तीन गाणी एकासारखी एक वाटतात, बढाई आणि धमक्या यांची. रेडिओवर रात्री दोन वाजता ती शोभली असती, रेकॉर्डवर थोडी लांबतात. ‘जस अ रास्कल’मध्ये नाटकी कोरस आणि रॉक गिटार आहे, ते मुलांना आवडतं, मला जड वाटलं. ‘ब्रँड न्यू डे’ मात्र कितीही वेळा लावा. घंटांसारखी पूर्वेकडची वाटणारी सुरावट, काचेच्या पेल्यांवर चमच्याने वाजवावी तशी, आणि त्यावर हा पोरगा विचारतो की आपण सगळे असेच मोठे होणार का. एवढ्या आवाजी अल्बममध्ये असा थकलेला, शांत माणूस बसलेला असेल असं वाटत नाही.

आता रेकॉर्ड ही वस्तू म्हणून.

दोन तबकड्या आहेत, चार बाजू. सत्तावन्न मिनिटं चार बाजूंवर म्हणजे एका बाजूला सरासरी चौदा-पंधरा मिनिटं, आणि हे फार महत्त्वाचं आहे. खर्जाला खाच रुंद लागते. एका बाजूवर पंचवीस मिनिटं कोंबली की खाचा एकमेकींच्या अंगावर येतात, मग कोरणाऱ्याला आवाज उतरवावा लागतो आणि पहिला बळी खर्जाचा जातो. इथे जागा सैल ठेवली आहे. उजेडात तबकडी तिरकी धरली तर ‘आय लव्ह यू’च्या जागी खाचा नुसत्या डोळ्यांना नागमोडी दिसतात. मी ग्राहकांना भिंग देऊन दाखवतो. माझ्या प्रतीत पृष्ठभागाचा कचकच आवाज जवळपास नाही, आणि या अल्बमला ते हवंच, कारण रिकाम्या जागा खूप आहेत. तिथे धुळीचा एक कण पडला तरी दारावर टकटक झाल्यासारखा ऐकू येतो. वाजवण्याआधी ब्रश फिरवाच.

फोनवर ऐकू नका असं वर म्हटलंय त्याचं कारण साधं आहे. फोनचा स्पीकर नखाएवढा. ज्या खर्जावर ही सगळी इमारत उभी आहे तो त्याला काढताच येत नाही. उरते टिकटिक आणि एक चिडलेला आवाज. असं ऐकून "हा काय कलकलाट" म्हणणारे दोघे माझ्या दुकानात भेटले. दोघांनाही बारा इंची वूफरसमोर स्टुलावर बसवलं. एक जण नवरात्रात साउंडचा धंदा करणारा आहे, त्याने पहिल्याच गाण्याला विचारलं, "सब कुठे लपवलाय?" सब म्हणजे खर्जासाठीचा वेगळा स्पीकर. तो नव्हताच. बॉक्स मी स्वतः ठोकलेला आहे, अठरा मिलीमीटरच्या प्लायचा, आत ग्लासवूल. रेकॉर्ड नसेल घ्यायची तर निदान बरे हेडफोन लावा. कानात घालायच्या चांगल्या गुंड्याही चालतील.

आणि एक चूक पुष्कळ जण करतात. टर्नटेबलची वायर सरळ ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ लिहिलेल्या साध्या भोकात खुपसतात आणि मग तक्रार करतात की रेकॉर्डमध्ये दम नाही. रेकॉर्ड कोरताना खर्ज मुद्दाम कमी आणि वरचे सूर जास्त करून कोरतात, नाहीतर खाच मावणार नाही. वाजवताना फोनो प्रीॲम्प ते उलटं करून सगळं जागेवर आणतो. ज्या टर्नटेबलमध्ये तो आतच बसवलेला नाही, त्याला तो बाहेरून हवा. प्रीॲम्पशिवाय ही रेकॉर्ड ऐकलीत तर फोनवर ऐकल्यासारखंच आहे. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात घुसलं, त्यानंतर माझ्याकडे शंभरावर ॲम्प्लिफायर आले असतील, आणि त्यांतल्या कितीतरी जुन्या चांगल्या मशीनांना पाठीमागे फोनोचं भोक होतं, मालकांना ते कशाचं हेच ठाऊक नव्हतं. तुमच्या घरच्या जुन्या ॲम्प्लिफायरच्या मागे एकदा बघा.

आता दोनदा विकत घेण्याची गोष्ट. पहिली प्रत एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवली, साडेचार हजारांच्या आसपास पडली. मे महिना. पाकीट दुपारभर कुणाच्या तरी स्कूटरच्या डिकीत तापलं असावं. उघडलं तर एका तबकडीची कड भाजलेल्या पापडासारखी वर आलेली. सुई चढणीला लागली की आवाज डगमगायचा. अकरा दिवस पत्रव्यवहार झाला, फोटो मागितले, व्हिडिओ मागितला, शेवटी परत घेतली पण येण्याजाण्याचा खर्च माझ्या माथी मारला. वाकलेली रेकॉर्ड दोन काचांमध्ये दाबून उन्हात ठेवायचा सल्ला लोक देतात. मी तरुणपणी वडिलांच्या संग्रहातल्या दोन तबकड्या तशा वाया घालवल्या आहेत. वाकणं जातं, खाचांची बारीक नक्षी बसून जाते आणि वरचे सूर परत येत नाहीत. मागवायची तर थंडीत मागवा. दुसरी प्रत माझ्या भाच्याने लंडनहून हातातल्या बॅगेत आणली, लॅपटॉपच्या कप्प्यात, मधे दोन टी-शर्ट घालून. तो ईस्ट हॅमला राहतो. त्याने बोमधून चक्कर मारून त्या इमारतींचा एक फोटोही आणला. संध्याकाळचा आहे, खालच्या मजल्यांवर दिवे लागलेले. मी झूम करून गच्चीच्या कडेला काही दिसतं का ते पाहिलं. पाण्याची टाकी आणि एक काठी होती, काठीला काय आहे ते कळलं नाही.

विद्यार्थिनीच्या सुटकेसचं काय केलं ते राहिलं. त्यातला स्पीकर काढून टाकला, आउटपुट बाहेर काढला आणि खंडेराव मार्केटजवळच्या एका भंगारवाल्याकडे मिळालेली लहान बॉक्सची जोडी नवीन फोम लावून तिला दिली. पेटीखाली रबराचे चार पाय. सुई आता उडत नाही, मात्र व्हॉल्यूम अर्ध्याच्या वर नेऊ नकोस असं सांगितलंय. शिवाय त्यातल्या सिरॅमिक कार्ट्रिजचा, म्हणजे सुई बसवलेल्या भागाचा, भार जास्त असतो, रेकॉर्ड लवकर झिजते. पगार सुरू झाला की नीट टर्नटेबल घ्यायचा असं तिने कबूल केलंय.

कुणाला विकत घेण्याआधी ऐकायची असेल तर दुकानात या. दुपारी दोन ते चारच्या मध्ये या, तेव्हा बाजार आडवा झालेला असतो. चारनंतर वरच्या मजल्यावरचं बाळ झोपतं, मग मी खर्ज लावत नाही. शेवटचं ‘डू इट!’ संपल्यावर लगेच उठू नका. शेवटचा सूर विरून सुई मोकळ्या खाचेत फिरू लागेपर्यंत बसा, मी आर्म उचलीन.